पोटातली फट आणि मिलिमीटरचा हिशोब

गेल्या वर्षी रथसप्तमीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दांडिया बाजारात एका काकूंकडे हळदीकुंकू होतं. आमच्या धाकट्याला चार महिने झाले होते आणि बाळंतपणानंतर मी पहिल्यांदाच नीट साडी नेसून बाहेर पडले होते. बरेच महिने मुलाकडे अमेरिकेत राहून आलेल्या एक मावशी भेटल्या. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, नजर पोटाकडे नेली आणि म्हणाल्या, "अगंबाई, कितवा महिना?"

माझा चार महिन्यांचा मुलगा तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर पडून त्यांच्या मंगळसूत्राशी खेळत होता.

मी हसून वेळ मारून नेली. सासूबाईंनी "ही नजर लागते हो पोरीला" म्हणत विषय बदलला. पण रात्री पलंगावरून उठताना माझंच लक्ष गेलं. पोटाच्या बरोबर मधोमध, छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत, एक लांबट उंचवटा वर आला होता. कौलारू घराचं आढं दिसतं ना, तसा. पुन्हा आडवी झाले की गायब. उठायला लागले की हजर. दुखत नव्हतं, पण भीती वाटली.

या उंचवट्याने पुढचे तीन महिने माझी झोप घालवली. त्यातला बराच काळ आजारात नाही, एका आकड्याचा अर्थ चुकीचा लावण्यात गेला. मी कलाभवनातून बीई झालेली, दिवसभर आकड्यांशीच खेळणारी बाई. तरीही चुकले. म्हणूनच हे लिहिते आहे. आपल्या मंडळातल्या कितीतरी लेकी-सुना, आणि हो, काही काका-बाबासुद्धा, याच वाटेने जात असतील.

शिवण उसवत नाही, कापड सैल पडतं

या प्रकाराचं वैद्यकीय नाव डायस्टेसिस रेक्टाय. आपल्या पोटाच्या पुढच्या बाजूला, बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत, स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. यांना रेक्टस म्हणतात. सिनेमातल्या हिरोंचे 'सिक्स पॅक' म्हणजे हेच. हे दोन पट्टे एकमेकांना थेट चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये एक पांढरट, चिवट पट्टी असते, तिचं नाव लिनिया अल्बा. लॅटिनमध्ये याचा अर्थ नुसताच 'पांढरी रेघ'. पोटाच्या दोन्ही बाजूंचे जे सपाट, थरांचे स्नायू आहेत, त्यांचे चिवट पापुद्रे मध्यावर येऊन एकमेकांत विणले जातात आणि ही रेघ तयार होते. म्हणजे ती टाक्यांची शिवण नाही, विणलेली नाडी आहे असं समजा.

गरोदरपणात गर्भाशय वाढतं, तशी ही नाडी रुंद होत जाते आणि दोन्ही स्नायू बाजूला सरकतात. सरकायलाच हवेत, नाहीतर बाळाला जागा कुठून मिळणार? पोर्तुगालमधल्या एका अभ्यासात पहिलटकरणींची सोनोग्राफी करून हे अंतर मोजलं होतं. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. ३५ व्या आठवड्यात सगळ्याच, म्हणजे १०० टक्के बायकांमध्ये ही फट आढळली. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी ती ३९ टक्क्यांमध्ये उरली होती. नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींना बोटांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ चा. त्यात सहा आठवड्यांनी ६० टक्के, सहा महिन्यांनी ४५ टक्के आणि वर्षभराने जवळपास ३३ टक्के बायकांमध्ये फट होती. मोजायची पद्धत वेगळी, म्हणून आकडे वेगळे. पण अर्थ एकच. हे अगदी सर्वसाधारण आहे आणि बहुतेकींचं हळूहळू आपोआप कमी होतं. वर्षानंतरही ज्या तिघींपैकी एकीचं राहतं, तीही काही जगावेगळी नाही.

मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे मोठ्या आईंचा, म्हणजे आजेसासूबाईंचा, जुन्या लुगड्याचा पट्टा होता. पहिल्या बाळंतपणात मी तो सव्वा महिना बांधला होता, दुसऱ्या वेळी मात्र कंटाळा केला. त्यामुळे घरात निदान तयारच होतं, "पट्टा बांधला नाहीस ना, भोग आता." खरं सांगायचं तर पट्ट्याने आधार मिळतो, उठता-बसताना बरं वाटतं. पण पट्ट्यामुळे फट कायमची मिटते असं ठामपणे म्हणायला पुरेसा आधार नाही. त्यामुळे पट्टा न बांधणाऱ्यांनी स्वतःला दोष देऊ नये आणि बांधणाऱ्यांनी तो आवळून श्वास कोंडू नये.

बॉयलर तपासणारं यंत्र

ओळखीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घ्यायला सांगितली. आता सोनोग्राफी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाळच येतं. पण या यंत्राची सुरुवातच मुळी कारखान्यातून झाली आहे.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला इयन डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. जहाजबांधणी आणि बॉयलरच्या त्या गावात लोखंडातल्या अदृश्य चिरा शोधायला अल्ट्रासाउंड वापरत. १९५५ साली डोनाल्ड साहेब शस्त्रक्रियेत काढलेल्या पोटातल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून रेन्फ्रूच्या बॉयलर कारखान्यात गेले आणि धातू तपासायच्या यंत्रावर त्यांनी त्या तपासून पाहिल्या. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले! पुढे टॉम ब्राऊन नावाचा विशीतला एक इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला आणि १९५८ मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. त्या लेखाचा विषयही पोटच होता. तीन लेखकांपैकी एक इंजिनिअर होता, हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला.

तत्त्व सोपं आहे. प्रोबमधून ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडायचा आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. शरीराच्या मऊ भागात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. माझ्या पोटातली ती पांढरी रेघ कातडीपासून दोन सेंटिमीटर आत आहे असं धरू. आवाजाला जाऊन-येऊन चार सेंटिमीटर जायचं आहे, म्हणजे सुमारे २६ मायक्रोसेकंद. एका सेकंदाच्या दहाव्या भागात अशा जवळजवळ चार हजार फेऱ्या होतील. म्हणूनच पडद्यावर फोटो न दिसता हलतं चित्र दिसतं. स्नायू सरकताना, ताणताना, सैल पडताना प्रत्यक्ष पाहता येतो. हा सोनोग्राफीचा मोठा गुण, आणि पोटाच्या फटीसाठी तोच सर्वांत उपयोगाचा.

पडद्यावर रेक्टसचे दोन पट्टे दोन काळपट भिंगांसारखे दिसतात आणि मधली पांढरी रेघ खरोखरच चकचकीत पांढरी दिसते. एका भिंगाच्या आतल्या टोकापासून दुसऱ्या भिंगाच्या आतल्या टोकापर्यंत ऑपरेटर दोन खुणा टाकतो. यंत्र त्यांच्यामधले पिक्सेल मोजून मिलिमीटर सांगतं. झाला रिपोर्ट.

आणि इथेच माझी फजिती सुरू झाली.

२३ की ३१?

जानेवारीच्या शेवटी पहिली सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, अंतर २३ मिमी. मी इंटरनेटवरून व्यायाम शोधले आणि पहाटे उठून इमाने-इतबारे करायला लागले. सहा-सात आठवड्यांनी मोठ्या उत्साहाने दुसऱ्या एका केंद्रात जाऊन पुन्हा मोजून घेतलं. आकडा आला ३१ मिमी. शिवाय खाली एक ओळ, 'बेंबीजवळ लहान हर्निया असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

व्यायाम करून फट आठ मिलिमीटरने वाढली? मी हादरले. रिपोर्ट घेऊन एका सर्जनकडे गेले. त्यांना बहुधा घाई होती. रिपोर्टवर नजर टाकून, मला न तपासता ते म्हणाले, "जाळी बसवावी लागेल. तोपर्यंत काही उचलू नका."

ते शेवटचं वाक्य मी अक्षरशः पाळलं. धाकट्याला कोणीतरी माझ्या मांडीवर आणून द्यायचं. मी स्वतः त्याला पाळण्यातून काढत नव्हते. मोठी तेव्हा चार वर्षांची होती. तिला सोफ्यावर झोप लागली की मी उचलून आत नेऊन ठेवायची, हा आमचा रोजचा कार्यक्रम. तो बंद पडला. एकदा तिने शेजारच्या बेनना सांगितलेलं मी ऐकलं, "बाळाने आईचं पोट फाडलं, म्हणून आई मला घेत नाही."

त्या रात्री मी खूप रडले. पोटासाठी नाही. पोरीच्या मनात भावाबद्दल हे असं काही बसतंय, म्हणून.

नवरा म्हणाला, "निदान फिजिओथेरपिस्टला तरी विचारू." त्या फिजिओबेननी दोन्ही रिपोर्ट बाजूला ठेवले आणि फिल्म मागितल्या. ट्यूबलाइटसमोर धरून त्यांनी मला फिल्मवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. पहिलीवर बेंबीच्या खालची जागा लिहिली होती, दुसरीवर बेंबीच्या वरची.

"बेन, मीटर एकच, पण जागा दोन. तुम्ही तुलना कशाची करताय?"

मी कपाळावर हात मारला. ऑफिसमध्ये कोणी ज्युनिअरने दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर चाचणी करून "सिस्टीम हळू झाली" म्हटलं असतं, तर मी त्याला पाच मिनिटं ऐकवलं असतं. स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र मी फक्त आकडा वाचला होता.

मोजमापाच्या अटी

ही फट वरपासून खालपर्यंत सारखी नसतेच. बाळंतपण न झालेल्या १५० बायकांची सोनोग्राफी करून एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात छातीच्या हाडाच्या टोकाशी १५ मिमीपर्यंत, बेंबीच्या ३ सेंटिमीटर वर २२ मिमीपर्यंत आणि बेंबीच्या २ सेंटिमीटर खाली १६ मिमीपर्यंत अंतर नॉर्मल मानावं, असं निघालं. म्हणजे २० मिमी हा आकडा बेंबीच्या वर असेल तर ठीक, खाली असेल तर थोडा जास्त. जागा न सांगता आकडा सांगणं म्हणजे गावाचं नाव न सांगता तापमान सांगणं. युरोपातल्या हर्निया तज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सोयीसाठी २ सेंटिमीटरची सीमा धरली आहे. त्याहून जास्त अंतर असेल तर डायस्टेसिस म्हणायचं.

दुसरी अट, पोट ढिलं आहे की ताणलेलं. डोकं उचललं की स्नायू आखडतात आणि फटीची रुंदी बदलते. तिसरी, श्वास. शक्यतो श्वास सोडल्यावर मोजायचं. चौथी, प्रोबचा दाब. जेल कमी आणि हात जड असेल तर मऊ पोट दाबलं जाऊन रुंदी बदलते. पाचवी, प्रोब सरळ धरला आहे की तिरका. काकडी आडवी कापली तर गोल चकती, तिरकी कापली तर लांबट. तसंच.

शिवाय एक इंजिनिअरिंगची मेख आहे. सोनोग्राफीत खोलीच्या दिशेने जितकं स्पष्ट दिसतं, तितकं आडव्या दिशेने दिसत नाही, कडा जराशा पसरट येतात. आणि आपण फट मोजतो ती नेमकी आडवी. त्यामुळे एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने ना पेढे वाटावेत, ना रडत बसावं.

फट फारच रुंद असेल तर आणखी एक पंचाईत. स्नायू आणि कातडी पाहायचा सपाट प्रोब साधारण चार-पाच सेंटिमीटर रुंद असतो. मोठी फट त्याच्या चित्रात एकदम मावतच नाही. मग वाकडा, मोठा प्रोब घ्यावा लागतो किंवा प्रोब सरकवत चित्रं जोडावी लागतात.

आणि व्हॉट्सअॅपवर फिल्मचा फोटो पाठवून "बघ गं, किती आहे?" विचारणाऱ्या माझ्या बहिणींनो, तो प्रकार सोडा. मूळ फाइल डायकॉम नावाच्या पद्धतीची असते. तिच्यात एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर, ही माहिती सोबत असते. मोबाइलने काढलेल्या फोटोत ती राहत नाही. केंद्राकडे सीडी किंवा मूळ फाइल मागा, ती जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तीच उपयोगी पडते.

तिसरी सोनोग्राफी

मी फिजिओबेनना विचारलं, "परदेशातल्या व्हिडिओत फिजिओथेरपिस्टच सोनोग्राफी करताना दिसतात, तुम्ही का नाही ठेवत मशीन?" त्या हसल्या. आपल्याकडे १९९४ चा गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा आहे. सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र आणि केंद्र नोंदवावं लागतं, आणि ते कोण वापरू शकतं हेही ठरलेलं आहे. मुलींना वाचवण्यासाठी हा कडकपणा लागतो, म्हणून तक्रार नाही. पण त्यामुळे आपल्याकडे मोजणारा एकीकडे आणि व्यायाम शिकवणारा दुसरीकडे, अशी फाळणी होते. उपाय एकच, चिठ्ठी नीट लिहायची. फिजिओबेननी माझ्या डॉक्टरांशी बोलून चिठ्ठीत सगळं लिहून घेतलं. बेंबीच्या ३ सेंटिमीटर वर आणि २ सेंटिमीटर खाली, पोट ढिलं असताना आणि डोकं उचलल्यावर, शिवाय खोकायला लावून हर्निया आहे का ते पाहावं.

एप्रिलमध्ये त्या चिठ्ठीसह गेले. रेडिओलॉजिस्ट बाईंनी आधी स्केचपेनने पोटावर दोन खुणा केल्या. मग पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "गभराशो नहीं, तुम्हीच बघा."

मी पाहिलं. दोन काळी भिंगं, मध्ये लांब पांढरी रेघ. "डोकं उचला." भिंगं जाड झाली आणि हळूच एकमेकांकडे सरकली. डोकं ठेवलं, मागे गेली. पुन्हा उचललं, पुन्हा आली. दोन्ही बाळंतपणांत याच पडद्यावर मी माझी मुलं हलताना पाहिली होती. आज माझं स्वतःचं शरीर हलत होतं, आणि ते फाटलेलं अजिबात दिसत नव्हतं.

मग खोकायला सांगितलं. जोर करायला सांगितलं. उभं करून पुन्हा पाहिलं. "रेघ बघा, कुठे तुटली आहे का? नाही. हर्निया असता तर इथे भोक दिसलं असतं आणि जोर केल्यावर त्यातून आतलं काही बाहेर आलं असतं."

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. डायस्टेसिसमध्ये कापड सैल पडतं, पण अखंड असतं. हर्नियामध्ये कापडाला भोक पडतं आणि त्यात आतडं अडकू शकतं. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. बेंबीजवळ गाठ येऊन ती दुखायला लागली, कडक झाली, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर लेख वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

माझे आकडे असे आले. पोट ढिलं असताना बेंबीच्या वर ३०, खाली २०. डोकं उचलल्यावर वर २२. म्हणजे दुसऱ्या रिपोर्टातले ३१ आणि आताचे ३० हे व्यवहारात एकच. आणि पहिल्या रिपोर्टातले खालचे २३ आता २० झाले होते. वाढलं काहीच नव्हतं. उलट थोडं बरं होत होतं. आणि मी तीन आठवडे पोरीला उचललं नव्हतं.

सीटी, एमआरआय का नाही?

आमच्या ओळखीत एकांनी सुचवलं होतं, "सीटी स्कॅन करून टाका, एकदाचं नक्की कळेल." सीटीत फट छान दिसते, मोजताही येते. मोठी शस्त्रक्रिया ठरवताना सर्जनला ती लागते. पण पोटाच्या सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो, म्हणजे तीन-चार वर्षांचा एकदम. आणि सीटीत तुम्ही आडवे, ढिले, श्वास रोखून पडलेले असता. स्नायू काम करताना कसा वागतो ते त्यात दिसत नाही. एमआरआयला किरणोत्सर्ग नाही, पण खर्च आणि वेळ जास्त. साध्या एक्स-रेमध्ये ही फट दिसतच नाही. म्हणून सुरुवात सोनोग्राफीनेच.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, बोटं बेंबीच्या वर मध्यरेषेवर आडवी ठेवा आणि डोकं थोडं उचला. दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मध्ये किती बोटं मावतात ते पाहा. पण माझी दोन बोटं आणि माझ्या नवऱ्याची दोन बोटं यात बराच फरक आहे, त्यामुळे हा अंदाजच समजा.

अंदाज घेताना घरात एक गंमत झाली. सासरे आरामखुर्चीतून उठत होते आणि त्यांच्या बनियनखाली तेच आढं! बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला "बाबा, तुम्हालाही बाळंतिणीचं दुखणं आहे" असं सांगायची हिंमत मोठ्या नातीनेच केली. पुरुषांमध्ये वय आणि सुटलेल्या पोटामुळे हे दिसतं. तान्ह्या बाळांमध्येही रडताना असा उंचवटा दिसतो आणि बहुतेक वेळा वाढीबरोबर जातो.

आकडा हाच निकाल नव्हे

फिजिओबेननी मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट नंतर सांगितली. डोकं उचलल्यावर फट अरुंद होते, पण कधीकधी मधली रेघ सैल पडून लोंबते, दोरीवरच्या ओल्या चादरीसारखी. आधी पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू हलकेच आवळला आणि मग डोकं उचललं, तर फट तितकी अरुंद होत नाही, पण रेघ ताठ राहते. संशोधकांनी २०१६ साली सोनोग्राफीवरच हे दाखवलं. म्हणजे अंतर कमी होणं हीच एक कसोटी नाही. मधला पट्टा ताण पेलतो का, हेही तितकंच मोलाचं. नॉर्वेच्या त्याच अभ्यासात वर्षानंतर फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांमध्ये कंबरदुखीचं प्रमाण सारखंच होतं. प्रत्येक कंबरदुखीचं खापर फटीवर फोडायची गरज नाही.

मला त्यांनी श्वास सोडत पोट आत घ्यायला शिकवलं. पलंगावरून सरळ न उठता कुशीवर वळून उठायला सांगितलं. आणि उचलणं बंद न करता उचलायची रीत शिकवली. गुडघ्यात वाका, ओझं अंगाजवळ घ्या, श्वास सोडत उठा. आधी दोन किलोची डाळीची पिशवी, मग पाच किलो पीठ, मग धाकटा. प्रत्येक वेळी आढं वर येतंय का ते पाहायचं. आलं तर वजन कमी करायचं. प्रत्येकीचं पोट वेगळं असतं, त्यामुळे माझा क्रम जसाच्या तसा उचलू नका, स्वतःच्या फिजिओथेरपिस्टला विचारा. शस्त्रक्रिया काहींना खरोखर लागते आणि तिचा फायदाही होतो. पण एका ओळीच्या रिपोर्टवरून ती ठरू नये, एवढंच.

म्हणून सोनोग्राफीला जाताना चिठ्ठीत आणि नंतर रिपोर्टमध्ये हे आहे का, ते पाहा.

- बेंबीच्या किती वर, किती खाली मोजलं?
- पोट ढिलं होतं की डोकं उचललं होतं?
- मधली रेघ अखंड आहे का, खोकल्यावर हर्निया दिसला का?
- पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच खुणांवर होईल ना?
- मूळ फाइल मिळाली का?

मी डॉक्टर नाही. पण नीट न मोजलेल्या आकड्याने माणूस किती घाबरतो, हे मला आता पक्कं माहीत आहे.

यंदा धाकट्याचा पहिला वाढदिवस झाल्यावर पुन्हा मोजलं. त्याच केंद्रात, त्याच खुणांवर. बेंबीच्या वर २४, खाली १६. वरचा आकडा पुस्तकातल्या नॉर्मलपेक्षा अजून दोन मिलिमीटर जास्तच आहे. साडीत पोट अजूनही थोडं दिसतं. दिसू दे.

नवरात्रात गरब्याहून परतायला उशीर झाला होता. मोठी रिक्षातच झोपली. नवरा पुढे होऊन तिला घ्यायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. वाकले, श्वास सोडला आणि तिला उचलून जिना चढले. अर्ध्या जिन्यावर तिने डोळे किलकिले केले आणि विचारलं, "आई, तुझं पोट शिवलं का?"

"शिवायचं नव्हतंच गं," मी म्हटलं. "ते फाटलंच नव्हतं. बाळाने काही नाही केलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा झोपली.